८६,४०० चा पाढा: तुमच्या फोनला तारीख कळते तरी कशी?



मागच्या वर्षी मी जुन्या फोनमधले सगळे फोटो नव्या फोनमध्ये घेतले. सगळं नीट आलं असं वाटलं. मग एक दिवस आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो शोधायला गेलो आणि ते कुठेच सापडेनात. तो महिना उघडला, आधीचा उघडला, नंतरचा उघडला. काहीच नाही. जुना फोन तोपर्यंत रीसेट करून विकूनही झाला होता. घरी सांगायची हिंमत होईना.

दोन दिवसांनी कंटाळून गॅलरी अगदी तळापर्यंत स्क्रोल केली, तर तिथे आजी केक कापत बसलेली! फोटोखाली तारीख होती: १ जानेवारी १९७०, पहाटे ५:३०.

१९७० साली माझी आजी जेमतेम विशीत होती आणि केक कापायला पहाटे साडेपाचला कोण उठतं?

तुमच्याही फोनमध्ये असा एखादा ‘१९७० चा’ फोटो, फाइल किंवा मेसेज कधीतरी दिसला असेल. हीच तारीख का? आणि बरोबर साडेपाचच का? या दोन्हीचं उत्तर एका पाढ्यात आहे. शाळेत आपण ३० पर्यंत पाढे म्हटले, हा पाढा मात्र ८६,४०० चा आहे. घाबरू नका, वाटतो त्यापेक्षा सोपा आहे.

फोनच्या आत कॅलेंडर नसतंच

आपल्याला स्क्रीनवर वार, तारीख, महिना, वर्ष दिसतं. फोन मात्र आतमध्ये फक्त एकच संख्या सांभाळतो: १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून आतापर्यंत किती सेकंद झाले? या मोजणीला ‘युनिक्स टाइम’ म्हणतात आणि त्या संख्येला ‘टाइमस्टॅम्प’.

ही पद्धत अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवताना सुरू झाली. १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्ये मोजणी सेकंदाच्या साठाव्या भागात होती आणि सुरुवात १ जानेवारी १९७१ ला धरली होती. पण इतक्या बारीक मोजणीमुळे ३२ बिटची जागा साधारण ८२८ दिवसांत, म्हणजे सव्वादोन वर्षांत भरून जायची. म्हणून पुढे पूर्ण सेकंद मोजायचं ठरलं आणि सुरुवात १९७० ला नेली. अँड्रॉइड लिनक्सवर चालतो, आयफोनच्या सिस्टिमचं मूळही युनिक्सकडेच जातं. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीचा तो निर्णय आज आपल्या खिशात आहे.

आता एका दिवसात सेकंद किती? २४ × ६० × ६० = ८६,४००. म्हणजे दर मध्यरात्री ही संख्या ८६,४०० ची एक उडी पूर्ण करते. सगळं कॅलेंडर म्हणजे याच उड्यांची मोजणी.

चला, पाढा म्हणू या

८६,४०० × १ = ८६,४००
८६,४०० × २ = १,७२,८००
८६,४०० × ३ = २,५९,२००
८६,४०० × ४ = ३,४५,६००
८६,४०० × ५ = ४,३२,०००
८६,४०० × ६ = ५,१८,४००
८६,४०० × ७ = ६,०४,८००
८६,४०० × ८ = ६,९१,२००
८६,४०० × ९ = ७,७७,६००
८६,४०० × १० = ८,६४,०००

तोंडी करायचा असेल तर एक युक्ती आहे. ८६,४०० म्हणजे एक लाखाला १३,६०० कमी. तेव्हा प्रत्येक उडीला एक लाख मिळवा आणि १३,६०० वजा करा. सात उड्या म्हणजे ७,००,००० − ९५,२०० = ६,०४,८००. हे झाले आठवड्याचे सेकंद.

आता या पाढ्यातल्या खुणा बघा.

१) शेवटी कायम दोन शून्यं. शून्यांच्या आधीचा अंक पाहिला तर ४, ८, २, ६, ० आणि पुन्हा ४, ८, २, ६, ०. दर पाच उड्यांनी तेच चक्र.

२) अंकांची बेरीज नेहमी ९ च्या पटीत. १,७२,८०० चे अंक मिळवा: १+७+२+८ = १८. ७,७७,६०० चे मिळवा: ७+७+७+६ = २७. कारण ८६,४०० लाच ९ ने पूर्ण भाग जातो. १ जानेवारी २००० ची मध्यरात्र म्हणजे ९४,६६,८४,८००. बेरीज ४५. कुणी मध्यरात्रीचा म्हणून टाइमस्टॅम्प दिला आणि बेरीज ९ च्या पटीत नसेल, तर तो नक्की मध्यरात्रीचा नाही. (उलटं मात्र खरं नाही. ९ च्या पटीतली प्रत्येक संख्या मध्यरात्र नसते.)

३) दर सातव्या उडीला तोच वार. १ जानेवारी १९७० ला गुरुवार होता. त्यामुळे किती उड्या झाल्या ते कळलं की ७ ने भागा आणि बाकी बघा: ० म्हणजे गुरुवार, १ शुक्रवार, २ शनिवार, ३ रविवार, ४ सोमवार, ५ मंगळवार, ६ बुधवार. १ जानेवारी २००० पर्यंत १०,९५७ उड्या झाल्या. बाकी २, म्हणजे शनिवार. जुनं कॅलेंडर काढून तपासा.

मग १९७० च्या आधीचं काय? तिथे उलटा पाढा, म्हणजे ऋण संख्या. महाराष्ट्र राज्य स्थापन झालं १ मे १९६० ला. तो दिवस शून्याच्या ३,५३२ उड्या मागे, म्हणजे −३०,५१,६४,८०० वर. ३,५३२ ला ७ ने भागून बाकी ४. गुरुवारच्या चार दिवस मागे रविवार. महाराष्ट्राचा पहिला दिवस खरंच रविवार होता.

साडेपाचचं कोडं

आता आजीच्या फोटोकडे येऊ. फोटो एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये जाताना कधीकधी तारखेची माहिती गळून पडते. मग अ‍ॅप त्या रिकाम्या जागी ० धरतं. शून्य सेकंद म्हणजे मोजणीची सुरुवात, म्हणजेच १ जानेवारी १९७०.

पण ती मध्यरात्र भारतातली नाही, यूटीसी या जागतिक वेळेची. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरवलेली आहे. दर १५ अंशांना एक तास, त्यामुळे ८२.५ अंशांना साडेपाच तास. यूटीसीप्रमाणे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच झालेले असतात. म्हणून भारतातल्या फोनवर ‘शून्य’ कायम पहाटे ५:३० लाच दिसतो. ‘१९७०, पहाटे ५:३०’ दिसलं की समजून जा: ही तारीख नाही, ही हरवलेली तारीख आहे.

साडेपाच तासांचे सेकंद १९,८००. त्यामुळे आपल्या मध्यरात्रीचा टाइमस्टॅम्प ८६,४०० च्या पाढ्यात बसत नाही. त्याला भाग दिला तर बाकी नेहमी ६६,६०० उरते, कारण ८६,४०० − १९,८०० = ६६,६००. मजा म्हणजे १९,८०० लाही ९ ने भाग जातो, म्हणून बेरजेची खूण आपल्या मध्यरात्रीलाही लागू पडते.

याचा रोजच्या वापरात अनुभव येतो. एखाद्या गेमचा ‘डेली रिवॉर्ड’ रात्री बाराला न मिळता पहाटे साडेपाचला मिळतो? ते अ‍ॅप ८६,४०० चा शुद्ध पाढा वापरतंय आणि तुमचे १९,८०० सेकंद मिळवत नाहीये. इंग्रजी विकिपीडियाच्या मुखपृष्ठावरचा रोजचा लेखही यूटीसीच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या साडेपाचला बदलतो. अभ्यासाच्या अ‍ॅपवर ‘स्ट्रीक’ सांभाळत असाल तर त्याचा दिवस नक्की कधी संपतो हे एकदा बघून ठेवा.

करून बघा: फाइलच्या नावातून तारीख काढा

अँड्रॉइडवर फेसबुकवरून सेव्ह केलेल्या फोटोच्या नावात ‘एफबी’, ‘आयएमजी’ या इंग्रजी अक्षरांनंतर एक १३ आकडी संख्या असते. तो टाइमस्टॅम्पच आहे, फक्त सेकंदांऐवजी मिलिसेकंदांत. (लक्षात ठेवा, ही फोटो सेव्ह केल्याची वेळ, काढल्याची नाही.)

समजा ती संख्या आहे १७ आणि त्यापुढे ११ शून्यं. कॅल्क्युलेटर उघडा.

पायरी १: शेवटचे तीन आकडे काढून टाका. उरले १,७०,००,००,००० सेकंद.

पायरी २: भारतीय वेळेसाठी १९,८०० मिळवा. झाले १,७०,००,१९,८००.

पायरी ३: ८६,४०० ने भागा. भागाकार १९,६७६. एवढे पूर्ण दिवस झाले.

पायरी ४: बाकी काढा. १९,६७६ × ८६,४०० = १,७०,००,०६,४००. बाकी १३,४०० सेकंद, म्हणजे ३ तास ४३ मिनिटं २० सेकंद. वेळ मिळाली: पहाटे ३:४३:२०.

पायरी ५: वार काढा. १९,६७६ ला ७ ने भागून बाकी ६. बुधवार.

पायरी ६: तारीख काढा. दर चार वर्षांत १,४६१ दिवस. १९,६७६ मध्ये असे १३ गट बसतात. १३ × ४ = ५२ वर्षं, म्हणजे १ जानेवारी २०२२ पर्यंत पोचलो. उरले ६८३ दिवस. त्यातून २०२२ चे ३६५ वजा केले, उरले ३१८. २०२३ मध्ये ऑक्टोबर संपेपर्यंत ३०४ दिवस होतात. उरले १४, म्हणजे १ नोव्हेंबरच्या पुढे १४ दिवस: १५ नोव्हेंबर २०२३.

बुधवार, १५ नोव्हेंबर २०२३, पहाटे ३:४३. फोन हे गणित डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो, आपण कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत केलं. पायरी २ विसरला असतात तर उत्तर आलं असतं १४ नोव्हेंबर, मंगळवार, रात्री १०:१३. वेळेची चूक साडेपाच तासांची, पण तारीख आणि वार दोन्ही बदलले!

हजाराची गडबड

अँड्रॉइडचं प्रोग्रॅमिंग करताना वेळ बहुतेकदा मिलिसेकंदांत मिळते. तिथे दिवसाची उडी ८६,४०० ची नसून ८,६४,००,००० ची असते. आता एका प्रोग्रॅमने सेकंद दिले आणि दुसऱ्याने ते मिलिसेकंद समजून वाचले तर? ५०-५५ वर्षांचा काळ आकसून वीस दिवसांत बसतो. म्हणून सध्याच्या काळातली अशी चूक २० किंवा २१ जानेवारी १९७० ही तारीख दाखवते.

कोडिंग शिकणाऱ्यांनी हे पाठच करून ठेवा. १ जानेवारी १९७० दिसलं तर तारीख मिळालीच नाही. २०-२१ जानेवारी १९७० दिसलं तर तारीख मिळाली, पण हजाराने गुणायचं राहिलं.

ओटीपीचा छोटा पाढा

याच मोजणीवर आणखी एक पाढा चालतो, ३० चा. ऑथेंटिकेटर अ‍ॅपमध्ये दर अर्ध्या मिनिटाला सहा आकडी कोड बदलतो ना? अ‍ॅप टाइमस्टॅम्पला ३० ने भागतं, भागाकार घेतं आणि तुमच्या खात्याच्या गुप्त किल्लीबरोबर त्याचं गणित करून कोड बनवतं. सर्व्हरही तेच करतो. इंटरनेट नसतानाही कोड जुळतो, कारण दोघेही एकाच शून्यापासून मोजत आहेत. दिवसाला अशा २,८८० उड्या होतात.

पण तुमच्या फोनचं घड्याळ पाच मिनिटं मागे असेल तर फोन दहा उड्या मागे राहतो आणि कोड चुकीचा ठरतो. पासवर्ड बरोबर, फोन तुमचाच, तरी लॉगिन होत नाही. (बँकेचा एसएमएसने येणारा ओटीपी वेगळा. तो बँकेच्या सर्व्हरवर तयार होऊन येतो.)

गेममधली ‘लाइफ’ लवकर मिळावी म्हणून तारीख पुढे करणारे मित्र आपल्या सगळ्यांनाच माहीत आहेत. तारीख चुकली की कोड जुळत नाहीत, व्हॉट्सअ‍ॅप तारीख दुरुस्त करायला सांगतं आणि ब्राउझर वेबसाइटच उघडत नाही, कारण प्रत्येक सुरक्षित साइटच्या सर्टिफिकेटला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. २०१६ च्या फेब्रुवारीत तर याहून मोठी गंमत झाली. आयफोनची तारीख मागे नेत १९७० पर्यंत नेली आणि फोन रीस्टार्ट केला की तो सुरूच होत नव्हता. अ‍ॅपलने हा दोष मान्य केला आणि पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त केला.

पाढा संपतो तेव्हा: १९ जानेवारी २०३८

पाढा कितीही मोठा असला तरी लिहायला पाटी लागते. जुन्या सिस्टिममध्ये टाइमस्टॅम्पसाठी ३२ बिटची पाटी आहे. त्यावर मावणारी सगळ्यात मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७.

तुम्हाला पद्धत आता येते, भागून बघा. पूर्ण दिवस २४,८५५ आणि बाकी ११,६४७ सेकंद, म्हणजे ३ तास १४ मिनिटं ७ सेकंद. २४,८५५ ला ७ ने भागून बाकी ५, मंगळवार. तारीख निघते १९ जानेवारी २०३८. भारतात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद.

पुढच्या सेकंदाला ३२ बिटची संख्या उलटून ऋण होते आणि घड्याळ थेट १३ डिसेंबर १९०१ दाखवायला लागतं. हीच मर्यादा यूट्यूबलाही भेटली होती. ‘गंगनम स्टाइल’चे व्ह्यूज २०१४ च्या डिसेंबरमध्ये याच आकड्यापलीकडे गेले आणि त्यासाठी व्ह्यूजची मोजणी ६४ बिटची केल्याचं यूट्यूबने सांगितलं.

मग आपले फोन बंद पडणार का? नवे फोन नाहीत. आजचे फोन ६४ बिटचे आहेत आणि त्यांची पाटी सुमारे २९,२०० कोटी वर्षं पुरेल. ३२ बिटच्या यंत्रांसाठीही लिनक्स कर्नलमध्ये २०२० साली, ५.६ या आवृत्तीत सोय झाली. काळजी आहे ती ज्या यंत्रांचं सॉफ्टवेअर कोणी अपडेट करत नाही त्यांची: कारखान्यातले जुने कंट्रोलर, स्वस्त राउटर, कोपऱ्यात वर्षानुवर्षं चालणारी मशीन. आणि यासाठी २०३८ उजाडायची वाट बघावी लागत नाही. आज वीस वर्षांच्या गृहकर्जाचे हप्ते मांडणाऱ्या प्रोग्रॅमला २०३८ च्या पुढची तारीख आजच लागते.

एक छोटी फट

‘दिवसात ८६,४०० सेकंद’ हे पूर्ण खरं नाही. पृथ्वीचं फिरणं थोडं कमीजास्त होतं, म्हणून १९७२ पासून २०१६ अखेरपर्यंत जागतिक वेळेत २७ ‘लीप सेकंद’ घातले गेले. युनिक्स टाइम ते मोजतच नाही, पाढा बिघडू नये म्हणून. पण घड्याळ जुळवताना गोंधळ होतोच. जून २०१२ अखेरच्या लीप सेकंदाने रेडिटसारख्या साइट्स काही काळ बंद पडल्या होत्या. आता २०३५ पर्यंत ही पद्धत थांबवायचं आंतरराष्ट्रीय पातळीवर २०२२ मध्ये ठरलं आहे.

मग तुम्ही काय करायचं?

– सेटिंग्जमध्ये ‘तारीख आणि वेळ’ उघडा आणि ती नेटवर्कवरून आपोआप घेण्याचा पर्याय चालू ठेवा. टाइम झोनचाही.
– गेमसाठी घड्याळ पुढेमागे करू नका.
– फोन बदलल्यावर जुना फोन लगेच रीसेट करू नका. आधी गॅलरीच्या तळाशी १९७० शोधा.
– १९७० चा फोटो सापडला तर गूगल फोटोजसारख्या अ‍ॅपमध्ये त्याची तारीख बदलता येते. खरी तारीख अनेकदा फाइलच्या नावातच असते.

आजीचे फोटो मी तसेच एकेक करून जागेवर लावले. तिला सगळा प्रकार सांगितला, तर म्हणाली, “एक तरी राहू दे की तिथेच. तेवढंच वय कमी दिसेल!” म्हणून एक फोटो अजून तळाशी आहे. १ जानेवारी १९७०, पहाटे ५:३०.

तुमच्या गॅलरीत १९७० चं काय सापडलं? बघा आणि कमेंटमध्ये नक्की सांगा. आणि जन्मवार माहीत नसेल तर तोही काढून बघा, पाढा आता येतोच आहे!